अकराव्या वेशीपलीकडचं गाव

१२ जानेवारी

नवी वही. गेल्या वर्षीच्या वहीत एकूण नऊ पानं भरली आणि त्यातली चार दाढदुखीची. यंदा तसं होणार नाही, यंदा लिहिण्यासारखं घडतंय.

सकाळी धाकटा माझ्या टेबलाशी आला, खुर्ची उलटी वळवून बसला आणि म्हणाला, "दादा, वेस उघडायची."

"कुठली?" मी विचारलं. कुठली ते मला ठाऊक होतं. त्याच्या तोंडून पुन्हा ऐकायचं होतं, इतकंच.

म्हातारपणी ही वही हाती लागली आणि डोकं ठिकाणावर नसलं तर कळावं म्हणून लिहून ठेवतो. आठ वर्षांपूर्वी आम्ही दोघा भावांनी 'दहा वेशी' हा कॉम्प्युटरवरचा खेळ काढला. खेळणारा त्यात एक भटका होतो आणि तटबंदीच्या गावात शिरतो. तलवारी आहेत, मंत्र आहेत, शाप आहेत, विहिरीतला राक्षस आहे. पण मुख्य म्हणजे माणसं आहेत, तीनशे बारा, आणि त्यातल्या एकूण एकाला मी बोलायला शिकवलंय. गावाच्या दहा वेशी उघड्या. अकरावी बंद. ती का बंद आहे हे खेळात कुठेच सांगितलेलं नाही. आठ वर्षं लोक तिच्यावर डोकं आपटतायत. आम्हाला येणाऱ्या पत्रांपैकी निम्म्यांत एकच प्रश्न असतो: पलीकडे काय आहे?

खरं सांगायचं तर ती वेस चुकून आली. आमची चित्रकार, जिच्या बोटांना कायम काळं लागलेलं असतं म्हणून सगळे तिला शाई म्हणतात, तिने नकाशात एक दार जास्त काढलं होतं. मी दाखवलं तर म्हणाली, "असू दे ना दादा. गावात एखादं न उघडणारं दारही असतंच." पुढे त्याला अर्थ मी दिला. दार काय, कुणीही काढतं.

तर एका मोठ्या कंपनीला दुसऱ्या भागात रस आहे. धाकटा महिनाभर त्यांच्याशी बोलतोय. त्यांना आराखडा हवाय, आणि तोही अर्धामुर्धा नाही. "तुझ्या डोक्यातलं सगळं कागदावर उतरव," तो म्हणाला. "गावं, माणसं, कोण काय बोलतं, कुठल्या उत्तराने काय होतं, सगळं. असं की उद्या तू नसलास तरी कुणीही वाचून बनवू शकेल."

"नसलास म्हणजे? मेलो तर?"

"अभद्र बोलू नकोस. सुट्टीवर असलास तर."

आठ वर्षांत मी सुट्टी घेतलेली नाही. धाकट्याच्या ते लक्षात आहे, बरं वाटलं.

१५ जानेवारी

पलीकडे काय आहे ते सापडलं.

चहाच्या वेळी खिडकीशी मी, शाई आणि मिस्त्री. मिस्त्री म्हणजे आमचा प्रोग्रॅमर. खेळात कुठे गळती लागली की तो पाना घेतल्यासारखा उठतो. मी म्हणालो की पलीकडे समुद्र असावा, नाहीतर बर्फाचं वाळवंट. शाई बिस्कीट बुडवत होती. म्हणाली, "पलीकडे कोण राहतं ते आधी ठरवा. काय आहे ते आपोआप ठरेल."

"कोण राहतं?"

"इथे आपण ज्यांना मारलं ते राहत असतील. आणखी कोण जाणार तिकडे?"

मी त्याच दिशेने निघालो होतो, ती एक पाऊल आधी पोचली इतकंच. घरी येईपर्यंत गाव डोळ्यांसमोर उभं होतं. पहिल्या भागात खेळणाऱ्याने ज्यांना ज्यांना मारलं, फसवलं, आगीत सोडून दिलं, ते सगळे तिथे नांदतायत. प्रत्येक खेळणाऱ्याचं गाव वेगळं, कारण प्रत्येकाची पापं वेगळी. भटका तिथे रिकाम्या हाताने पोचतो. तलवार वेशीवर ठेवावी लागते. आणि त्याला निवारा मागायचा असतो, त्यांच्याकडेच.

दहा वर्षांत माझ्या अंगावर असा काटा आला नव्हता.

२० जानेवारी

माझी बायको भूल देते. धंद्यानेच, ऑपरेशनच्या टेबलावर माणसांना झोपवणं आणि परत आणणं हे तिचं काम. त्यामुळे तिचा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. सगळ्यांची नाडी बघत बसते.

जेवताना मी गावाबद्दल सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "छान आहे. पण सगळं लिहून देऊ नकोस."

"का?"

"थोडं स्वतःकडे ठेव. पेशंट पूर्ण झोपला की कोण काय करतं हे त्याला कळत नाही."

"अगं, माझा सख्खा भाऊ आहे तो."

"म्हणून तर म्हणतेय," ती म्हणाली आणि ताटं उचलली.

तिला धाकटा पहिल्यापासून खुपतो. जावाजावांचं भांडण ऐकलंय; वहिनी आणि दिराचंही असतं हे आमच्याकडेच बघावं.

४ फेब्रुवारी

सत्तर पानं.

शाई दुपारी धाकट्याच्या केबिनमध्ये तासभर होती. बाहेर आली ती चेहरा उतरलेला. माझ्या टेबलासमोरून गेली आणि बघितलंसुद्धा नाही. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, "काही नाही दादा. तुम्ही लिहा."

धाकट्याला विचारलं. तो म्हणाला, "दुसऱ्या भागात तिचं नाव कुठे यावं वगैरे. सोड तू."

अच्छा. म्हणजे बिस्कीट बुडवताना टाकलेल्या एका वाक्याचं हे भांडवल. कल्पना सुचणं आणि शेकडो पानं लिहिणं यात किती अंतर आहे हे न लिहिणाऱ्याला कळत नाही. वाईट वाटलं. आठ वर्षं मी तिला घरच्यासारखं वागवलंय.

१८ फेब्रुवारी

आज शाई म्हणाली, "दादा, आराखड्याच्या मूळ वह्या घरी न्या. इथे ठेवू नका."

"का बरं?"

तिने धाकट्याच्या केबिनकडे बघितलं. "ठेवू नका, एवढंच."

मी धाकट्याला जाऊन सांगितलं. लपवाछपवी मला जमत नाही. तो हसला नाही, चिडलाही नाही, नुसतं "असं म्हणाली?" असं विचारलं आणि समोरच्या कागदावर काहीतरी टिपलं.

वह्या ऑफिसातच आहेत. आता धाकट्याच्या कपाटात, कुलपात. जास्त सुरक्षित.

३ मार्च

कठीण दिवस. पण काही निर्णय मोठ्या भावानेच घ्यावे लागतात.

धाकट्याने केबिनचं दार लावून घेतलं. कंपनीला टीम लहान हवी आहे. अकरातले सहा ठेवायचे. कोण लागेल आणि कोण नाही याबद्दल कुणीतरी लेखी मत द्यायला हवं आणि ते माझं असलं तर त्याला वजन येईल.

"शाईबद्दल काय वाटतं तुला?" त्याने विचारलं.

"चित्रकार नको का आपल्याला?"

"कंपनीकडे चाळीस आहेत. आणि तिचा हात बघतोयस ना?"

बघतोय. गेल्या वर्षी तटबंदीचं चित्र तिच्याकडून मी तीनदा काढवून घेतलं. दगड फारच एकसारखे दिसत होते, जिवंत वाटत नव्हते. तिसऱ्या वेळी जमलं, पण तेव्हापासून तिच्या उजव्या मनगटाला पट्टा असतो. डॉक्टरांनी तीन महिने हात पूर्ण थांबवायला सांगितलं होतं. तिने आठ दिवस थांबवला, कारण मला विहीर हवी होती.

मी लिहून दिलं. पहिल्या मसुद्यात 'आवश्यक नाहीत' असं होतं. ते फार कोरडं वाटलं. 'अपरिहार्य नाहीत' केलं. शब्दाशब्दात किती फरक असतो. मग वाचून पाहिलं: 'मनगटाची दुखापत कायमची दिसते. वेग निम्म्यावर आला आहे. गुणवत्तेबद्दल आदर राखून, पुढील भागासाठी अपरिहार्य नाहीत.' खाली सही केली.

तिच्या जागी मी असतो तर मला राग आला असता का? आला असता. पण सत्य होतं ते.

४ मार्च

धाकटा म्हणाला, सांगून टाकू या तिला शुक्रवारी. मी थांबवलं.

गावातल्या मुख्य चाळीस माणसांचे चेहरे तिनेच काढायला हवेत. पहिल्या भागातले चेहरे तिचे, तेच लोक पलीकडे भेटणार, हात बदलला तर ओळखू येणार नाहीत. आराखड्याला चेहरे जोडले तर कंपनी काय, दगडही पाघळेल. आणि सांगितलं तर ती काढणार नाही. काढले तरी मन लावून काढणार नाही.

तेव्हा चाळीस चेहरे झाल्यावर सांगायचं. तिच्याही दृष्टीने बरं. शेवटचं काम चांगलं होईल.

धाकटा माझ्याकडे बघत राहिला. "दादा, तू माझ्यापेक्षा पक्का निघालास," तो म्हणाला. लहानपणापासून तो मला भोळा सांब म्हणत आला. चला, कधीतरी मत बदललं.

२७ मार्च

दोनशे ऐंशी पानं. चौदा चेहरे.

११ एप्रिल

शाई अजून शाईनेच काढते, कागदावर, मग ते कॉम्प्युटरवर घेतलं जातं. आज तिने पाववाली काढून आणली. पहिल्या भागात या बाईच्या भट्टीमागे भुयार आहे. दहातले नऊ जण तिला मारून आत जातात. विचारलं असतं तर ती बाजूला झाली असती, तसं वाक्यही मी लिहिलंय. पण विचारत कुणी नाही.

पलीकडच्या गावात पहिलं घर तिचंच. शाईने तिला दारात उभी केलीय, हात पिठाने माखलेले. चेहऱ्यावर राग नाही. क्षमाही नाही. समोरच्याला ओळखलंय, एवढंच दिसतं. मी पाच मिनिटं बघत बसलो. असलं काहीतरी काढायला माणसाने काय गिळलेलं असतं कोण जाणे.

मी म्हटलं, "कपाळ जरा रुंद झालंय का? पुन्हा काढून बघ."

तिने पट्टा घट्ट केला आणि नेला कागद. संध्याकाळी नवा आणला. पहिलाच चांगला होता. तसं मी सांगितलं नाही, दोन्ही ठेवून घेतले.

मिस्त्री जाताना म्हणाला, "दादा, शाईबाईंना चमचा धरता येत नाही, डब्यातलं डाव्या हाताने खातात. बघितलं का?"

"संपतच आलंय," मी म्हटलं.

२ मे

चाळीस पूर्ण.

धाकट्याने तिला अकरा वाजता बोलावलं. मी त्या वेळी प्रिंटरचे कागद आणायला बाहेर पडलो. दुकान कोपऱ्यावरच आहे, पण मी पलीकडच्या बाजारातल्या मोठ्या दुकानात गेलो. तिथे कागद चांगला मिळतो.

परत आलो तेव्हा ती सामान भरत होती. टेबलावरचा दिवा, दौती, एक उशी. आठ वर्षांचं सामान एका खोक्यात मावलं. मी म्हटलं, "मला आत्ताच कळलं."

तिने माझ्याकडे बघितलं. रडली वगैरे नाही. "शेवटचा चेहरा ओला आहे," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत हात लावू नका."

मिस्त्रीने खोकं खाली नेऊन दिलं. वर येऊन माझ्याशी बोलला नाही. तोही जाईल असं दिसतंय. जाऊ दे. आराखडा इतका तपशिलात आहे की मिस्त्री कुणीही चालेल.

३० मे

सहाशे चाळीस पानं. शेवटचं वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. सकाळचे साडेदहा. कुणाला सांगावं म्हणून मागे वळलो तर खोलीत मी एकटाच. अकरातले सहा राहणार होते. प्रत्यक्षात तीन आहेत आणि दोघं आज आलेले नाहीत.

६ जून

कंपनीकडून एक बाई आल्या. चष्मेवाली, चाळिशीच्या, फार शांत. आराखड्याचं बाड दोन्ही हातांनी धरलं, लहान मूल घेतात तसं. दोन तास एका जागी बसून वाचलं. मी समोर. मधूनच एकदा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. पाववालीचं पान होतं ते.

"हे फार पूर्ण आहे," त्या म्हणाल्या. "बाहेर काही उरलंय का? सुटे कागद, डोक्यातल्या कल्पना?"

"काही नाही," मी अभिमानाने सांगितलं. "होतं नव्हतं ते सगळं यात आहे."

"प्रती किती?"

"ही एकच. आणि मूळ वह्या कपाटात."

त्यांनी धाकट्याकडे बघितलं. धाकट्याने मान डोलावली. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुमच्याबद्दल मला खरंच आदर आहे." चित्रविचित्र लोक भेटतात या धंद्यात, पण अशी वाचक विरळा.

१७ जून

दुपारी धाकटा मला गच्चीवर घेऊन गेला. ऊन मी म्हणत होतं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभे राहिलो. त्याने सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे पुन्हा आठवायला नको.

कंपनीने आमचं सगळं विकत घेतलं. सह्या झाल्या. आमच्या दोघांची भागीदारी होती, पण व्यवहाराचा अधिकार मी त्याला सहा वर्षांपूर्वीच लिहून दिला होता, कटकट नको म्हणून. कंपनीचा स्वतःचा असाच एक खेळ हिवाळ्यात येतोय. आमची वेस त्याच्या आधी उघडली असती तर त्यांचा खेळ पडला असता. म्हणून आमचा दुसरा भाग होणार नाही. कधीच. धाकटा त्यांच्याकडे मोठ्या हुद्द्यावर जातोय.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"जानेवारीपासून."

"मग लिहायला का लावलंस?"

"पूर्ण असेल तरच घेऊ, म्हणाले ते. अर्ध्या गोष्टीला कुलूप लावता येत नाही, दादा. उरलेली अर्धी कुणीही लिहितं. तूसुद्धा लिहिली असतीस, दुसरीकडे जाऊन."

टाकीचा नळ गळत होता, मी तो घट्ट केला.

"आणि तुला सांगितलं असतं तर तू इतकं चांगलं लिहिलं नसतंस," तो म्हणाला. समजुतीच्या स्वरात.

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याचं पीं पीं चाललं होतं. मला एवढंच सुचलं: "चेहरे तरी परत दे."

"तेही त्यातच आलं."

"आणि माझं काय?"

"तुझी काळजी मी घेतलीय. दोन वर्षं सल्लागार म्हणून तुझं नाव त्यांच्याकडे राहील. काम काही नाही. फक्त त्या गावातलं, त्या माणसांतलं काहीही दुसरीकडे लिहायचं नाही. नावं नाहीत, कल्पना नाहीत, वेस नाही."

खाली उतरताना त्याने माझा दंड धरला होता. जिन्यावर उजेड कमी आहे म्हणून. पोर लहानपणी मला असंच धरायचं.

२४ जून

बायकोला सांगितलं तेव्हा ती "मी म्हटलं होतं" असं म्हणाली नाही. त्यापेक्षा म्हणाली असती तर बरं. तिने नाडी बघितली.

१० जुलै

आठ दिवस नवं काही लिहायचा प्रयत्न. एक बेट. बेटावर मीठ काढणारे लोक. तिसऱ्याच पानावर एक म्हातारी दारात येऊन उभी राहिली आणि तिचे हात पिठाने माखलेले. पान फाडलं. दुसऱ्या दिवशी एक शिंपी, तिसऱ्या दिवशी दोन जुळी. सगळे तिकडचेच. आठ वर्षं ज्यांच्याशी बोललो त्यांच्याखेरीज माझ्याकडे माणसंच नाहीत असं दिसतं.

वकिलाला विचारलं. तो म्हणाला, "पीठ चालेल. म्हातारी नको."

९ सप्टेंबर

शाईकडे गेलो. बरेच दिवस मनात होतं. ती आणि मी मिळून अगदी नवं काही काढावं, धाकट्याच्या नाकावर टिच्चून. कल्पनांची सुरुवात करून देण्यात ती वाईट नव्हती.

मिस्त्रीने पत्ता दिला, तोही दोनदा विचारल्यावर. घरचा नाही, कामाचा. घरांना लावायच्या रंगांचं दुकान आहे. भिंतीचा टवका घेऊन लोक येतात, त्याला जुळणारा रंग ती मिसळून देते. त्याला डोळा लागतो, हात नाही. उजवा हात तिने अॅप्रनच्या खिशात ठेवलेला होता. जुलैत ऑपरेशन झालं. अंगठा आता मिटत नाही.

गिऱ्हाईक गेल्यावर तिने मला डब्यावर बसायला सांगितलं आणि चहा मागवला. ती उभीच होती. तिथे बसायला दुसरं काही नाही.

मी सगळं सांगितलं. धाकटा, गच्ची, कुलूप. ती ऐकत होती, मधेच एका डब्यात दोन थेंब पिवळा टाकून ढवळत होती, डाव्या हाताने.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"फेब्रुवारीत त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं ना. त्यांना लेखी हवं होतं की गावाची कल्पना माझी, दादा फक्त सजवतात, दादांशिवाय चालेल. म्हणजे तुम्हाला तेव्हाच बाजूला करायला कागद तयार. मला म्हणाले, सही कर, कंपनीत तुझी जागा पक्की."

"मग?"

"मी नाही म्हटलं. दादांशिवाय ती माणसं बोलणार नाहीत, असं सांगितलं. खरंच होतं ते."

चहा आला. पेल्याला पांढरा रंग लागलेला होता.

"मग त्यांनी माझ्याबद्दल तुम्हाला विचारलं असणार," ती म्हणाली. "तुमचं पत्र मला काढलं त्या दिवशी दाखवलं. 'अपरिहार्य' छान शब्द आहे."

मी म्हणालो, "तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"वह्या घरी न्या म्हटलं होतं की."

"ते असं अर्धवट सांगून काय कळणार माणसाला?"

तिने डाव्या तळव्याने डब्याचं झाकण दाबून बसवलं. मी नव्या खेळाचं विचारलं. ती म्हणाली, "दादा, पाच वाजता एक बाई येणार आहे, तिच्या पोरीच्या खोलीचा निळा जुळत नाहीये." म्हणजे मी निघावं. निघालो.

दिवसभर विचार करतोय. तिने सही केली असती तर मी फेब्रुवारीतच बाहेर पडलो असतो, साडेपाचशे पानं लिहायची वाचली असती, वह्या माझ्याच राहिल्या असत्या. तिची नोकरी राहिली असती. हातही राहिला असता. सगळ्यांचंच भलं झालं असतं. कधीकधी चांगुलपणाही माणसाला नडतो, दुसऱ्याला जास्त.

२१ नोव्हेंबर

फोन आला. चष्मेवालीचा.

अकरावी वेस उघडतायत.

२३ नोव्हेंबर

त्यांच्या ऑफिसात गेलो. काचेच्या भिंती, गालिचा, कुणाच्याही पायाचा आवाज नाही. धाकटा बाहेरगावी होता. चष्मेवालीने मला पाणी दिलं आणि पडद्यावर दाखवलं.

त्यांचा हिवाळ्यातला खेळ आता निघतोय. 'दहा वेशी' खेळणाऱ्यांनी तिकडे यावं म्हणून जुन्या खेळात अकरावी वेस उघडायची, आणि पलीकडे एक दुकान. तिथे नव्या खेळातल्या तलवारी, चिलखतं, घोडे मिळतील. गाव नाही. एक खोली, एक फळी, फळीमागे बाई. बाईला चेहरा आमच्या पाववालीचा लावलाय. तो त्यांना आराखड्यात सगळ्यात आवडला होता.

"तिला एक वाक्य हवंय," चष्मेवाली म्हणाली. "आमच्या लोकांनी लिहून बघितली, पण त्या चेहऱ्याला शोभत नाहीत. म्हणून तुम्हाला त्रास दिला."

आठ वर्षं लोक त्या दारासमोर उभे आहेत. ते उघडल्यावर जे पहिलं वाक्य ऐकू येणार ते लिहायला त्यांना मीच लागलो. चाळीस चित्रकार आहेत, लेखकही असतील. तरी मीच. घरी येताना बसथांब्यावर मी बायकोला फोन करून सांगितलं. ती ऑपरेशनमध्ये होती, निरोप ठेवला.

२५ नोव्हेंबर

अकरा वाक्यं दिली. चौथं घेतलं: "या. काय हवंय?"

साधं वाटतं, पण त्यात सगळं आहे. 'या' म्हणजे ओळखलं. 'काय हवंय' म्हणजे अजूनही विचारतेय. चष्मेवाली म्हणाली, "अचूक."

एक अडचण. चित्रात बाईचं तोंड मिटलेलं आहे, बोलताना उघडायला हवं. त्यांच्या माणसांनी उघडून पाहिलं तर ते तिचं वाटेना. "तुमच्या त्या चित्रकार बाई करून देतील का?"

मी शाईच्या रंगांच्या दुकानात फोन लावला. मागे रंग ढवळायच्या यंत्राचा आवाज येत होता. सगळं समजावून सांगितलं: वेस उघडतेय, तिचाच चेहरा घेतलाय, लाखो लोक बघतील, फक्त तोंड.

"काय बोलते ती?" शाईने विचारलं.

मी सांगितलं.

यंत्र बंद झालं. मग म्हणाली, "तोंड नाही जमणार दादा. हात नाही माझ्याकडे." आणि पुढे, "दुकान आहे तर तिला उभी का केलीय? स्टूल द्या एखादं. दिवसभर उभं राहून पाय भरून येतात."

तिने फोन ठेवला. तशी ती नाराज वाटली नाही.

मी चष्मेवालीला म्हटलं, बाई काही मोकळ्या नाहीत, तोंड तुमच्या लोकांनाच करू दे. पण एक सुचवायचं होतं, पाववालीला स्टुलावर बसवलं तर? चष्मेवाली क्षणभर पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली की त्याने फरक पडेल, खूपच फरक पडेल, बाई एकदम खरी होईल. तिने लगेच टिपून घेतलं. मग पेन तसंच धरून विचारलं, "याच्यापुढे नाव लिहावं लागतं. सूचना कुणाची?"

मी म्हटलं, "माझी."